‘पोरगी नेमकं काय करती?’

ताई,
मी २९ वर्षांची. गाव सेलू, जिल्हा परभणी. संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकले आणि सहा वर्षांपूर्वी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला आले. या सहा वर्षांत दोन मालिकांचे संवाद लिहिले (एकीत नाव आलं, एकीत नाही). बियाणं कंपनीच्या जाहिराती केल्या, एका संस्थेसाठी माहितीपट केला, १८ मिनिटांचा एक लघुपट केला. मध्ये आठ महिने लग्नाचे व्हिडिओ एडिट केले, ते सांगायची लाज वाटते. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्या मुलीची माझी स्वतःची पटकथा ४० पानांवर अडकली आहे.
आता एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहायला बोलावलं आहे. किमान वर्षभराचं काम. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. माझ्या लग्नासाठी त्यांनी दीड एकर रान राखून ठेवलंय. दिवाळीला म्हणाले, ‘लग्न तुला कधी करायचं तेव्हा कर, रान सिनेमाला लागलं तर घे.’ आईचं वेगळंच. ती म्हणते, ‘पोरगी नेमकं काय करती म्हणून बायका इच्यारत्यात, सांगू काय?’ मित्र म्हणतात, सगळंच थोडं थोडं केल्यामुळं माझी ओळख झाली नाही. मालिका घेऊ का? रान विकू का? आणि मी लेखिका आहे, दिग्दर्शक आहे, का नुसतीच मिळेल ते करणारी?
— दुधनाकाठची

दुधनाकाठच्या पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सदर लिहिणारी बाई म्हणून, दुसऱ्यांदा अंबाजोगाईची मुलगी म्हणून. दुसऱ्या वेळी तुझ्या वडिलांच्या वाक्यापाशी थांबले ती थांबलेच. लग्नाच्या रानाला हात लावायचा म्हणजे आपल्याकडं बापाला भावकीपुढं काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे मुंबईतल्या तुझ्या मित्रांना कळायचं नाही. तुला कळतं, म्हणून तर तू विचारलंस.

तेव्हा आधी रानाचंच. विकू नको.

रान विकलं की सिनेमा होईल असं तुला वाटतंय. सिनेमा नाही होणार, शूटिंग होईल. कॅमेरा, लाइट, माणसं, जेवणं, गाड्या, यांत जाणारा पैसा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण वहीत तेवढाच मांडतो. पुढचा दिसत नाही. संकलन, डबिंग, साउंड, मिक्सिंग, डीआय म्हणजे रंग जुळवणं, मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र. ते हातात आलं की थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्शनसाठी व्हीपीएफ भरायचा, म्हणजे आपलाच सिनेमा दाखवायला आपणच भाडं द्यायचं. पोस्टर आणि प्रसिद्धी वेगळीच. इतकं करून मल्टिप्लेक्सवाला सकाळचा नाहीतर भर दुपारचा एखादा शो देतो आणि पहिल्या सोमवारी तोही काढून घेतो. मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत, ज्यांचा सिनेमा कपाटातल्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे आणि रान दुसऱ्याच्या नावावर गेलंय. हार्ड डिस्कला सातबारा नसतो गं. ती गहाणही पडत नाही.

सिनेमाला पैसा लागतो तो ज्याचा बुडाला तरी त्याच्या घरात चूल पेटेल अशा माणसाचा. असा माणूस शोधायला वेळ लागतो आणि त्याच्यापुढं ठेवायला पुरी झालेली पटकथा लागते. तुझ्याकडं ४० पानं आहेत. म्हणजे रानाचा प्रश्न अजून आलेलाच नाही, तू तो आधीच उकरून काढलास, कारण पान ४१ लिहिण्यापेक्षा रान विकायचं का नाही याचा विचार करत बसणं सोपं असतं. रागावू नको. मीही हेच केलंय, माझ्याकडं रान नव्हतं म्हणून आईच्या पाटल्या होत्या.

वडिलांना मात्र ‘ताई नको म्हणाल्या’ असं सांगू नको. त्यांना म्हण, रान राहू द्या, त्याऐवजी दरवर्षी कापसाच्या हंगामात पंधरा दिवस मला घरी राहू द्या आणि जिनिंगवाल्याला सांगून काट्याच्या खोलीत बसायची सोय करून द्या. निवृत्त गुरुजींचा शब्द तेवढा तर चालेलच, जिनिंगवाल्याची पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली असतील.

आता ओळखीचं. ‘सगळंच थोडं थोडं’ म्हणणाऱ्या मित्रांना दिग्दर्शिका सई परांजपे यांचा प्रवास सांग. पुण्याला आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दूरदर्शनमध्ये निर्मातीची नोकरी, शिवाय बालनाट्यं. ‘स्पर्श’ आला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्याच चित्रपटात. त्यानंतरही त्या एका जागी बसल्या नाहीत. चित्रपट केले, दूरदर्शनला मालिका केल्या, माहितीपट केले, नाटकं लिहिली. आता माझं मत सांगते, पटत नसेल तर सोडून दे. ‘स्पर्श’मधली अंध शाळेच्या मुख्याध्यापकाची गोष्ट त्या इतक्या नीट लिहू शकल्या, कारण त्यांचा कान आधी रेडिओनं तयार केला होता. ‘थोडं थोडं’ वाया गेलं नाही, ते कानात साचलं.

दिग्दर्शिका सुमित्रा भावे तर समाजशास्त्राच्या. त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ १९८५ चा, तेव्हा वय बेचाळीस. तू २९ ची आहेस आणि उशीर झाला म्हणून पत्र लिहितेस!

तुझ्या पत्रातल्या लाजेबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय. लग्नाचे व्हिडिओ. मीही सुरुवातीला ते केलेत, तेव्हा व्हीएचएस होतं. पाठवणीच्या वेळी सगळे कॅमेरे नवरीवर आणि तिच्या आईवर असतात. एकदा एका लग्नाचं फुटेज लावत बसले होते, कॅमेरावाल्यानं चुकून तो दुसरीकडं फिरवला होता. तिथं नवरीचा भाऊ टेम्पोत चढवलेलं गोदरेजचं कपाट दोरीनं बांधत होता. गाठ मारली. सोडली. परत मारली. मागं रडारड चाललेली आणि हा पठ्ठ्या मान वर न करता गाठ सोडतोय, बांधतोय. टेम्पोवाला म्हणाला, ‘आरं बास की, कपाट पळून जातंय व्हय!’ तरी तो चौथ्यांदा बांधायला लागला. लग्नाच्या कॅसेटमध्ये मी ते घेतलं नाही, नवरीच्या चुलत्यानं कपाट बघायला पैसे दिले नव्हते. पण पुढं दहा-बारा वर्षांनी एका चित्रपटात भावाबहिणीचा एक प्रसंग अडला होता. संवाद चार वेळा लिहिले, चारही वेळा रडके झाले. शेवटी सगळे संवाद काढले आणि त्या नटाच्या हातात दोरी दिली.

तेव्हा ते आठ महिने बायोडेटात लिही अगर लिहू नको, पण डोक्यातून पुसू नको. किती लग्नं एडिट केलीस? शंभरेक? शंभर घरांतली माणसं कॅमेऱ्याला विसरल्यावर काय करतात हे तुला माहीत आहे. फिल्म स्कूलमधून थेट आलेल्या पोराला ते माहीत नसतं.

हां, पण एका ठिकाणी तुझ्या मित्रांचं बरोबर आहे. ज्या मालिकेत तुझं नाव आलं नाही ती तुझ्या खात्यात शून्यच. नाव न लावता लिहिलेल्या कामानं भाडं भागतं, पुढचं काम त्यातून येत नाही. कारण ते तू केलंस हे दाखवायला तुझ्याकडं काही नसतं. मी एका मालिकेचे साठेक भाग असेच लिहिले. ‘पुढच्या महिन्यापासून टायटलमध्ये नाव टाकू’ हे ऐकत ऐकत मालिका संपली, शेवटच्या तीन महिन्यांचे पैसेही गेले. भांडायला गेले तर माझ्याकडं होतं काय? फोनवरचं बोलणं! त्यांच्यापेक्षा मला माझाच राग जास्त आला. अंबाजोगाईच्या बाजारात चार पायल्या ज्वारी घेताना आम्ही मापावर डोळा ठेवून उभे राहणारी माणसं.

मालिका घे. हो, घे. ‘कलेशी तडजोड’ वगैरे जे मनात येतंय ते बाजूला ठेव. कुंदन शाह यांनी १९८३ मध्ये ‘जाने भी दो यारो’ केला. तो आज सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण त्यांचा पुढचा चित्रपट यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी दूरदर्शनला ‘नुक्कड’ आणि ‘वागले की दुनिया’सारख्या मालिका केल्या. त्या मालिकांना आज कुणी पोटासाठी केलेलं काम म्हणत नाही.

तुला कामाची पद्धत माहीत आहे, तरी नव्या माणसासारखं एकदा मोजून बघ. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याला पंचवीस-सव्वीस. एक भाग बावीसेक मिनिटांचा. संध्याकाळी पटकथा येणार, रात्री संवाद, सकाळच्या शिफ्टला सीन सेटवर पाहिजे. आधीच तयार भागांची बँक असली तर झोप, नसली तर नाही. गुरुवारी टीआरपी आले आणि आकडा पडला की तू लिहिलेला आठवडा रद्द, नवा ट्रॅक. अशात रात्री अकराला स्वतःची पटकथा उघडीन असं म्हणत असशील तर नाही उघडणार. आठवड्याची जी एक सुट्टी असेल, तिची सकाळ राखून ठेव. फोन बंद. ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, ओरडेल, ओरडू दे. दुपारी कर फोन.

आणि मालिकेत आपलं काहीच नसतं असंही नाही. एका गावाकडच्या मालिकेचे मी संवाद लिहीत होते. सासू भाकरी करतेय असा सीन. कधी नव्हे ते सेटवर गेले, तर सासूबाई स्टीलच्या परातीत पीठ मळतायत, तेही पोळीच्या कणकेसारखं गोळा करून. मी आर्टच्या पोराला विचारलं, काठवट नाही का? तो म्हणाला, ‘मॅडम, ते काय असतं?’ नाशिककडचा होता बिचारा. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. मग मीच खाली बसले. एका भाकरीपुरतं पीठ ओढून घ्यायचं, कढत पाणी, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, चुरलं की लगेच थापायचं, कारण ज्वारीचं पीठ थांबत नाही. नटी हुशार होती. दोन भाकरी मोडल्या, तिसरी जमली. थापण्याच्या आवाजावर तिनं तिचं वाक्य तोडून तोडून म्हटलं आणि साध्याच वाक्याला धार आली. काठवट पुढं मालिका संपेपर्यंत त्या स्वयंपाकघरात राहिली. त्याच सीनमधला माझा ‘कामून’ मात्र क्रिएटिव्ह टीमनी काढला, ‘पुण्यात कळणार नाही’ म्हणून ‘का बरं’ केलं. मी दोन दिवस भांडले आणि सोडून दिलं. टीव्हीवरच्या गावाला एकच बोली असते, ती ना कोल्हापूरची ना परभणीची. तिथं काठवट वाचवता आली तर वाचवायची. ‘कामून’ तुझ्या सिनेमासाठी ठेव, तिथं तो कुणी काढणार नाही.

आता पान ४० चं. तू पत्रासोबत पहिले दोन सीन पाठवलेस, म्हणून बोलायचं धाडस करते. तू सिनेमा लिहीत नाहीयेस, मालिकेचा मोठा भाग लिहितेयस. मालिका बघितली जात नाही, ऐकली जाते. बाई भाजी निवडत असते, पाठ टीव्हीकडं, म्हणून आपण पात्राच्या तोंडून सगळं दोनदा वदवून घेतो. ती सवय हाताला लागते. तुझी काट्यावरची पोरगी तिसऱ्याच पानावर मैत्रिणीला सांगते, की मालक कापसात ओल जास्त दाखवून शेतकऱ्याचं वजन तोडतो आणि तिला ते सहन होत नाही. झालं! मग पुढं मी काय बघायचं? पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तू तिसऱ्या मिनिटाला सगळं सांगून मोकळी झालीस, म्हणून चाळिसाव्या मिनिटाला तिच्याकडं बोलायला काही उरलं नाही. तू अडकली नाहीयेस, ती पोरगी रिकामी झालीय.

तो संवाद काढ. तिला आकडा लिहू दे. काट्यावर गाडी आली, शेतकरी खाली उतरून उभा आहे, आकडा दिसतोय, मालकानं नुसतं तिच्याकडं बघितलंय आणि तिच्या हातात पट्टी, म्हणजे वजनाची पावती, लिहायचा पेन आहे. ती काय लिहिते ते मला बघू दे. का लिहिलं ते सांगू नको. तिसऱ्या दिवशी तिच्या स्वतःच्या मामाची गाडी त्याच काट्यावर येते का? आली तर ती काय करते? मला हे खरंच जाणून घ्यायचंय.

करारावर सही करण्याआधी मात्र ही ४० पानं, आहेत तशी, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवून टाक. सभासद झालीस की ते ऑनलाइन होतं. नोंदणीमुळं गोष्ट ‘तुझी’ होत नाही, ती लिहिलीस तेव्हाच तुझी झाली. नोंदणीनं एवढंच सिद्ध होतं की अमुक तारखेला ही पानं तुझ्याकडं होती. पण करारात कधी कधी असं एक कलम दडलेलं असतं, की या काळात लेखकानं लिहिलेलं सगळं निर्मात्याचं. ते कलम शोध. ‘या मालिकेसाठी लिहिलेलं’ असं करून घे. टायटलमध्ये नाव कुठल्या भागापासून आणि कोणत्या शब्दांत, ते लिहून घे. पैसे भाग शूट झाल्यावर का प्रसारित झाल्यावर, आणि त्यानंतर किती दिवसांनी? टीव्हीत नव्वद दिवसांची रीत आहे, म्हणजे पहिले तीन-चार महिने तुला उधारीवर काढायचे आहेत, त्याची सोय आधी लाव. आणि रॉयल्टी सोडून दिल्याची ओळ असेल तर तिथं बोट ठेव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा रॉयल्टीचा हक्क असा लिहून घेऊन काढता येत नाही. तू हे बोललीस म्हणून काम जाईल अशी भीती वाटेल. एखाद्या वेळी जाईलही. माझं एकदा गेलं होतं, पुढच्या वर्षी त्याच माणसानं परत बोलावलं.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठंच नाही, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकली. तुझ्याबरोबर नाट्यशास्त्र विभागात असलेली पोरं कुठं आहेत? प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी संभाजीनगरहून मुंबईला आले ते ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची सगळी टोळी घेऊन. १९९१ मध्ये ‘चारचौघी’ रंगभूमीवर आलं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं बसवलं. कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ हा चित्रपट १९९९ चा. मधली वर्षं एकमेकांचं लिहिलेलं वाचायला, नावं ठेवायला, उपाशी असेल त्याला जेवू घालायला माणसं होती. तू सहा वर्षांत एकटीनं पाच प्रकारची कामं केलीस. मला वाटतं तुझं विखुरलेपण कामांचं नाही, एकटेपणाचं आहे. तुझ्या बॅचचा कुणी कॅमेरा करत असेल, कुणी जालन्यात शाळेत शिकवत असेल, कुणी युवक महोत्सवात पोरांच्या एकांकिका बसवत असेल. चौघांना गोळा कर. ४० पानं मोठ्यानं वाच. पुण्यामुंबईच्या माणसांपुढं नको, आधी यांच्यापुढं. ‘कामून’ कुठं खरा वाटतो आणि कुठं दाखवायला घातलाय, ते हेच सांगतील.

लेखिका का दिग्दर्शक, याचं उत्तर मी देणार नाही. माझ्या कागदपत्रांत आणि माझ्या डोक्यात अजून त्याचा मेळ बसलेला नाही, तीस वर्षं झाली. बँकेत कर्जाच्या फॉर्मवर मी ‘व्यवसाय: लेखन’ लिहिते, कारण ‘दिग्दर्शन’ लिहिलं की मॅनेजर विचारतो, सध्या कुठला चालू आहे?

पण आईला उत्तर पाहिजे, ते खरं कठीण आहे, तिला दर हळदीकुंकवाला लागतं. तिला म्हणावं, विचारणाऱ्या बायकांना सांग, ‘टीव्हीत बायका बोलत्यात ना, ते आमची पोरगी लिहिती.’ मालिका घेतलीस तर ते खोटंही नाही. पुढचं विचारतील, किती मिळत्यात? ते तुझं तू बघ.

आणि मार्गशीर्षात घरी जाशील तेव्हा काट्याच्या त्या खोलीत नीट बस. तू पाठवलेल्या दोन सीनमध्ये मला टेबल दिसलं, पट्टीबुक दिसलं, मालकाची अंगठीसुद्धा दिसली. खिडकी दिसली नाही. ती पोरगी दिवसभर बसते तिथून तिला गाड्यांची रांग दिसते, का नुसता आकडा?

तेवढं कळव.

— तुझी ताई